काडतुसाचं पितळ

पितळ थकतं असं मी म्हणायचो, तेव्हा नांदूरघाटातली माणसं हसायची. बैल थकतो, माणूस थकतो, पितळाला काय धाड भरलीय थकायला? मी समजावत बसत नसे. ज्यानं तांब्या-परातीपलीकडे पितळ पाहिलेलं नाही, त्याच्याशी डोकं कोण लावणार! एकच काडतूस दहादा भरा, दहादा उडालेलं हातात घ्या, मग आपण बोलू.

मी रेवणसिद्ध. गाव मला आप्पा म्हणतं. भांड्यांचं दुकान वडिलांचं, तेच मी चालवतो. तरुणपणी घरात भांडून हैदराबादला गेलो होतो आणि बेगमबाजारात एका बंदूकवाल्याकडे सहा वर्षं राबलो. उडालेलं काडतूस पुन्हा भरायचं कसब तिथलं. परत आलो, लग्न झालं, गल्ल्यावर बसलो, आणि ते कसब विसरूनही गेलो असतो. पण विलायतेकडे मोठी लढाई पेटली, तिकडचा माल यायचा बंद झाला, आणि आमच्या देशमुखांना, म्हणजे मोहनरावांना, त्यांच्या सहाबारी पिस्तुलासाठी मी एकदम आठवलो. दारू आणि ती पेटवणाऱ्या, बुडात बसवायच्या टोप्या त्यांनी कशाबशा पैदा केल्या होत्या. काडतुसांचं पितळ मात्र होतं तेवढंच, तीस नळकांडी. तीच फिरवून फिरवून वापरायची.

निजाम सरकारचा परवाना मोहनरावांच्या नावाचा, पण पिस्तूल उडवायचा आश्रुबा. तो त्यांचा राखणदार. मालक केजच्या तहसिलीत निघाले की हा घोड्यामागं चालायचा. नेम असा की बोलायचं काम नाही. बार काढला की रिकामी नळकांडी मोजून कमरेच्या पिशवीत टाकायचा आणि दोन-चार दिवसांत माझ्या दुकानात आणून द्यायचा. मग आम्ही ओट्यावर बसायचो. तो तंबाखू मळायचा, मी नळकांडी बघायचो.

बार उडाला की पितळ फुगतं. त्याला साच्यात घालून ठोकून पुन्हा मापात आणावं लागतं. पुढच्या बाराला ते परत फुगतं, परत ठोकायचं. अशा प्रत्येक खेपेला ते थोडं टणक होतं. नवं पितळ दाबलं की दबतं, सोडलं की मागं येतं. टणक झालेलं पितळ दबत नाही, तडकतं. आधी तोंडाशी तडकतं, म्हणून तोंड तापवून मऊ करायचं. परातीत पाणी घ्यायचं, नळकांडं त्यात निम्म्यापर्यंत उभं करायचं, वरच्या तोंडाला जाळ दाखवायचा, रंग पालटला की पाण्यात आडवं पाडायचं. लोखंड असं विझवलं तर टणक होतं, पितळ मऊ होतं. आमचे लोहार हे ऐकून माझ्याकडे संशयानं बघायचे.

बूड मात्र तापवायचं नाही. सगळा जोर बुडावर येतो, ते मऊ झालं तर संपलंच. म्हणजे गंमत बघा, तोंडाचा थकवा काढता येतो, बुडाचा काढता येत नाही. तो साठतच जातो. टोपीची खोबणी सैल होते, आतून बुडाजवळ पितळ झिजून पातळ होतं. मी तारेचं टोक वाकवून आतून फिरवायचो आणि कुठं अडखळतंय का ते बोटानं ओळखायचो. अडखळलं की नळकांडं बाद. तिसांतली अकरा अशी बाद झाली होती. मोहनराव दर वेळी म्हणायचे, "आप्पा, तू लई कच खातूस." मी म्हणायचो, "मालक, पिस्तूल तुमचं हाय, पर तोंड आश्रुबाचं हाय."

एवढी काळजी घेणारा मी. आणि दसऱ्याला ते माझ्याच हातून झालं.

शिलंगणाला वेशीबाहेर आपट्याची पूजा झाली की आश्रुबानं सहा बार काढायचे, ही देशमुखांची रीत. सगळा गाव जमलेला. पहिला बार उडाला, दुसरा उडाला. तिसऱ्याला आवाज वेगळा आला. मी मागं बायकापोरांत उभा होतो, पण आवाज ऐकला आणि गर्दीतून पुढं घुसलो. काडतुसाचं बूड फाटून आतला जाळ मागच्या बाजूनं बाहेर आला होता. आश्रुबा गुडघ्यावर बसला. उजव्या डोळ्यावर त्यानं हात धरला होता आणि बोटांमधून रक्त येत होतं.

डोळा गेला. बीडच्या दवाखान्यात नेलं, तिथं त्यांनी जखम बरी केली, नजर काही आली नाही.

मोहनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, तुझी नजर गेली हाय. आता पुरं कर." मी मान खाली घातली. साठीला टेकलेला माणूस मी, दिव्याशी बसून रंग ओळखायचो. जाळ जास्त लागला असेल, बूड तापलं असेल, तार फिरवताना चुकलो असेन. काय चुकलं ते सापडत नव्हतं, पण चुकलं ते माझंच, यात मला तीळभर शंका नव्हती. उरलेली नळकांडी डब्यात घालून मी माळ्यावर टाकली. पिस्तूल देशमुखांच्या पेटीत गेलं.

नेम धरायचा डोळाच गेला तर राखणदाराचं काम काय? आश्रुबा देशमुखांच्या दोन कोसांवरच्या शेतात गोफण घेऊन पाखरं राखू लागला. बायकोला, छबुबाईला घेऊन तिथंच झोपडी घालून राहिला.

मी महिन्या-पंधरा दिवसाला जायचो. कधी ज्वारीचं गाठोडं, कधी गूळ, त्याच्या पोरीच्या लग्नात तर सगळी भांडी माझ्या दुकानातली दिली. माझी बायको, शिवकांता, चिडायची नाही, पण एकदा म्हणाली, "त्येंच्याकडनं आलं की तुमी दोन दिस जेवत न्हाईत. मंग जाताव कशाला?" तिथं गेलो की आम्ही दोघं झोपडीपुढं बसायचो. पाऊस कसा आहे, कणसं कशी भरली, कुणाची म्हैस व्याली. मी उजवीकडे बसलो की तो पुरती मान वळवून माझ्याकडे बघायचा, कारण उजवीकडचं त्याला दिसायचं नाही. मी त्या मिटलेल्या डोळ्याकडं न बघता बोलायचो. तासाभरानं उठायचो. परतीच्या वाटेवर पाय असे जड व्हायचे की मधल्या ओढ्यावर बसून राहायचो. दोन वर्षं हे चाललं. रात्रीची झोप गेली, दुकानातलं लक्ष गेलं. गिऱ्हाईकानं घंगाळं मागितलं तर मी कळशी काढून द्यायचो. माझ्यासारख्या चिडक्या माणसाला चिडायचाही कंटाळा आला होता, यावरून काय ते समजा.

मग यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी बायनाबाई दुकानात आली. ही आमच्या गल्लीतली, भांडायला पहिल्या नंबरची. तिनं एक पितळी गडवा माझ्यापुढं आदळला.

"आप्पा, काय भांडं इकलंत हो? तीन महिनं न्हाई झालं, चिरलं बगा! न्हाई पडलं, न्हाई आपटलं."

मी म्हटलं, पडल्याशिवाय भांडं चिरत नसतं, बायनाबाई, घरातल्या कुणाचा तरी राग निघाला असंल. ती आणखी भडकली. मी गडवा उचलून उजेडात धरला आणि माझं हसू थांबलं. मानेवर उभ्या बारीक चिरा होत्या, सरळ, एकाशेजारी एक. आपटून पडलेली चीर वाकडी असते, पोचा असतो. इथं पोचा नव्हता.

"ह्यात काय ठेवत व्हतीस?"

"सून बाळंत झाली. सुवेराला शिंपडायला गोमूत्र. गोठ्यातच ठेवलेलं व्हतं झाकून, महिनाभर."

मी तिला दुसरा गडवा दिला, तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा न भांडता दुकानातून गेली. मग शिडी लावून माळ्यावरचा डबा काढला. दोन वर्षांत मी तो उघडला नव्हता. उघडायची छाती नव्हती.

डब्यातली कितीतरी नळकांडी चिरलेली होती. कुणी हात लावला नव्हता, कुणी भरली नव्हती, नुसती पडून होती, आणि तशीच्या तशी चिरली होती. गडव्यासारखीच. उभ्या, सरळ, बारीक चिरा. बुडाजवळ सगळ्यांत जास्त.

पण मी हैदराबादेत शिकलेला माणूस, एकदम काही मानायचं नाही. बाद केलेल्या अकरा नळकांड्यांची वेगळी पुडी होती, ती दसऱ्याच्या कितीतरी आधी मी बाजूला काढलेली. त्यातल्या एकालाही नवी चीर नव्हती. त्यातली चार घेतली. सगळीच पुष्कळदा उडालेली, टणक झालेली. त्यातली दोन मी तोंडापासून बुडापर्यंत लाल करून मऊ केली, एरवी जे करू नये ते. मग एक मऊ आणि एक टणक साध्या पाण्यात ठेवलं, एक मऊ आणि एक टणक शिळ्या गोमूत्रात, झाकण घालून, गोठ्यात. शिवकांतानं विचारलं, "ह्ये काय आता नवीन?" मी म्हटलं, "देवाचं हाय." तिनं हात जोडले.

आठव्या दिवशी काढली. पाण्यातली दोन्ही धड. गोमूत्रातलं मऊ नळकांडं निळसर पडलं होतं, पण धड. टणक मात्र बुडापासून वर चिरलं होतं.

मी गोठ्यातच शेणाच्या पाटीवर बसलो. खरं सांगतो, मी रडलो. माझी नजर गेली नव्हती. माझा हात चुकला नव्हता. पितळ वापरानं टणक झालं होतं, ते तर मला ठाऊकच होतं, त्यात अजून काही बार शिल्लक होते. पण टणक पितळाला गोमूत्र सोसत नाही, हे बेगमबाजारातही कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण काडतुसं गोमूत्रात घालायचं तिथं कुणाच्या बापाच्या डोक्यात आलं नसतं!

मग प्रश्न एकच. घातलं कुणी? नळकांडी मालकांकडून आश्रुबाकडे, आश्रुबाकडून माझ्याकडे. मधे तिसरा हात नव्हता. आणि त्या खेपेला त्यानं ती राखेनं घासून लखलखीत करून आणली होती. बाहेरच्या केसाएवढ्या चिरा राखेनं बुजल्या असणार, तार तर मी आतूनच फिरवायचो, आणि पुढं दोन वर्षांत त्याच वाढल्या. मी तेव्हा थट्टाही केली होती, "काय रे, नवरदेव करून आणलीस होय?" तो हसला नव्हता.

मी टोपी घातली आणि निघालो. दुपारची वेळ होती, ऊन मी म्हणत होतं. शिवकांता म्हणाली, उन्हं उतरल्यावर जा. मी ऐकलं नाही. दोन कोस मी असा चाललो की ओढाही कधी ओलांडला ते कळलं नाही. इतकं हलकं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. मनात एकच, कधी एकदा सांगतो.

आश्रुबा झोपडीच्या सावलीत गोफणीची दोरी वळत बसला होता. छबुबाई शेजारी तुरी निवडत होती. मला बघून तो उठला.

"आप्पा? ह्या उनात? घरी समदं बरं हाय न्हवं?"

मी बसलोही नाही. "आश्रुबा, खरं सांग. त्या दसऱ्याच्या आदी तू ती नळकांडी गोमूत्रात घातली व्हतीस का?"

छबुबाईचा हात सुपात थांबला. आश्रुबानं तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"पितळानं सांगितलं. घातली व्हतीस का न्हाई?"

तो खाली बसला आणि दोरी बाजूला ठेवली. "त्या साली भादव्यात लांडगा उतरला व्हता. दिस बुडायच्या वक्ताला वढ्याच्या अंगाला हालचाल दिसली. म्या सहाच्या सहा बार काढलं. जाऊन बघतो तर मालकांची तांबडी गाय पडल्याली. गाबन व्हती, आप्पा." त्यानं बोटानं मातीत रेघ ओढली. "लोकं म्हनली लांडग्यानं खाल्ली. म्या बी तसंच म्हनलं. खरं सांगितलं असतं तर जातीनं वाळीत टाकलं असतं. दोरी तोंडात धरून गावोगाव भीक मागाय लागली असती, आन् पोरीचं लगीन व्हायचं व्हतं. मंग घरच्या घरी प्राश्चित घेतलं. धा दिस येक वक्त जेवलो. आन् कंच्या नळकांड्यातली गोळी लागली ते ठावं नव्हतं, म्हनून पिशवीतली आदीची रिकामी बी धरून समदीच घातली गोमूत्रात."

"आठ दिस," छबुबाई म्हणाली. "मडकं म्याच भरलं व्हतं. गोठ्यात ठेवलं व्हतं झाकून."

मग मी बसलो आणि सगळं सांगितलं. बायनाबाईचा गडवा, डब्यातल्या चिरा, आठ दिवसांची परीक्षा. खिशातून दोन नळकांडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली, चिरलेलं आणि धड. पितळ कसं टणक होतं, बूड का तापवायचं नाही, त्यामुळं ते टणकच राहतं, आणि तिथंच गोमूत्र कसं शिरतं. मी बोलतच होतो. शेवटी म्हणालो, "म्हंजी माझी चूक नव्हती, आश्रुबा. म्या बराबर भरली व्हती. माझी नजर, माझा हात, समदं बराबर व्हतं!"

त्यानं नळकांडं डाव्या डोळ्याजवळ नेलं आणि बोटानं चीर चाचपली.

"म्हंजी डोळा माज्याच हातानं गेला."

मला तेव्हा कुठं कळलं की मी त्याच्या पदरात काय टाकलं होतं. दोन कोसांत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. पण तोच म्हणाला, "बरं झालं. म्या म्हनायचो, गाईचं काई फिटंना. देवानं काईच मागितलं न्हाई, मंग कदी मागनार, पोरीकडनं मागतो का काय, आसं भ्या वाटायचं. घेतलं व्हतं म्हना त्यानं तवाच." छबुबाईनं पदर डोळ्याला लावला. तो हसला, अगदी खरं हसला. दोन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मला हायसं वाटलं. झालं, माझं ओझं उतरलं, त्याचंही उतरलं. मी पाणी मागितलं. छबुबाई आत गेली.

"आप्पा," आश्रुबा म्हणाला, "येक इचारू?"

"इचार की."

"ह्या दोन वरसांत तुमाला काय वाटत व्हतं? डोळा कुनामुळं गेला?"

"माझ्यामुळं."

"पक्कं?"

"पक्कं रे. झोप लागत नव्हती मला."

"मंग बोलला कावून न्हाईत?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "जवारी आनलीत. गूळ आनला. पोरीला भांडी दिली. हितं बसून पावसापान्याचं बोललात. पर येकदा बी म्हनला न्हाईत, आश्रुबा, चुकलं माझं. म्या लई वाट बगितली. तुमी उठून गेलाव की म्या हिला म्हनायचो, फुडल्या खेपंला म्हनतील. भरपाई नगं व्हती मला. नुसतं तुमच्या तोंडून यावं, येवढंच. आन् आज, चूक न्हाई म्हनायला, भर उनात पळत आलाव."

छबुबाई पाणी घेऊन आली होती. ती तिथंच थांबली. माझ्या कानात ऊन भणभणत होतं. ज्वारीची सगळी गाठोडी मला एकदम दिसली आणि त्यांची लाज वाटली. मी त्याच्याकडे वळलो. पहिल्यांदाच त्या मिटलेल्या डोळ्याकडे सरळ बघितलं.

"चुकलं माझं, आश्रुबा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "आता नगा म्हनू, आप्पा. आता ते खरं न्हाई."